सासवडचा विकास आराखडा वस्ती वाढण्याआधी हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरंदर तालुक्यातील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांच्या जमिनीवर विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव २०१६ पासून चर्चेत आहे. भूसंपादन, मोबदला आणि गावकऱ्यांचा विरोध यांविषयी वृत्तपत्रांतून वेळोवेळी लिहून आले आहे आणि ते यायलाच हवे. मात्र या गावांच्या शेजारी असलेल्या सासवड शहराच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांविषयी त्या मानाने फारच कमी बोलले जाते. विमानतळ लवकर होवो, उशिरा होवो किंवा न होवो, सासवड वाढणार हे स्पष्ट आहे. दिवे घाट आणि बोपदेव घाट या दोन्ही वाटा थेट पुण्यात उतरतात, पालखी मार्गाचे रुंदीकरण हाती घेतलेले आहे, पुण्याभोवतीचा नियोजित वर्तुळाकार रस्ता याच तालुक्यातून जाणार आहे, आणि हडपसर-कोंढव्यात घर घेणे ज्यांना परवडत नाही अशी कुटुंबे घाटापलीकडे जागा पाहू लागली आहेत. २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या नगरपरिषदेला उद्या लाखभर लोकांचे शहर चालवावे लागले, तर त्याची तयारी कोणत्या क्रमाने व्हावी, याविषयी काही मुद्दे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पुण्याने विकास आराखडे, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची याचे कायदेशीर नियोजन, केले नाहीत असे नाही. महापालिकेचा पहिला आराखडा १९६६ साली आणि दुसरा १९८७ साली मंजूर झाला. त्यानंतरचा आराखडा २००७ ते २०२७ या कालावधीसाठी होता, परंतु त्याला शासनाची मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे निम्मा कालावधी सरल्यावर. या मधल्या दहा वर्षांत शहर थांबले नव्हते. ज्या जागांवर शाळा, दवाखाने आणि मैदाने दाखवायची त्यांपैकी कित्येक जागांवर तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांचे तर याहून वाईट झाले. त्यांचा आराखडा मार्गी लागायलाच दहा वर्षांहून अधिक काळ गेला आणि टेकड्यांवरील जागा जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याचा, म्हणजे आरक्षणाचा, निर्णय त्याच्याही पुढे अनेक वर्षे रखडला. पुणे महानगर प्रदेशासाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा हजारो हरकतींनंतर शेवटी २०२५ मध्ये रद्द करावा लागला. या सगळ्यात दोष कोणाचा, हा वाद इथे घालण्याचे कारण नाही. आराखडा वस्तीच्या मागून आला की त्याच्या हाती फार थोडे उरते, एवढी गोष्ट मात्र पुणेकरांनी पुरेपूर अनुभवली आहे.

सासवडला अजून वेळ आहे, पण तो फार नाही. कऱ्हा नदीच्या दोन्ही काठांवर आणि जेजुरीच्या दिशेने प्लॉटिंगचे फलक जागोजागी दिसतात. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायचे, सातबाऱ्यावर सामाईक नावे लावायची, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट सोडायची, की व्यवहार पुरा होतो. ही घरे पुढे गुंठेवारी कायद्याखाली, म्हणजे विनापरवाना पाडलेल्या अशा तुकड्यांना मान्यता देणाऱ्या कायद्याखाली, नियमित होतातही, आणि ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून ती घेतली त्यांच्यासाठी तसे होणे योग्यही आहे. परंतु नियमित केल्याने रस्त्याची रुंदी वाढत नाही आणि सांडपाण्याच्या वाहिनीला जागा मिळत नाही. अग्निशमनाचा बंब ज्या गल्लीत वळू शकत नाही ती गल्ली पुढील पन्नास वर्षे तशीच राहते. चाकणचे उदाहरण सर्वांसमोर आहे. नव्वदच्या दशकापासून तेथे मोठे कारखाने येत गेले, हजारो कामगार राहायला आले आणि तरीही चाकणची नगरपरिषद झाली ती २०१५ साली. तोपर्यंत एवढा मोठा भार एका ग्रामपंचायतीने वाहिला. आज तेथील चौकांत तासन् तास अडकणारी वाहने हा त्या उशिराचाच परिणाम आहे.

आपल्याकडे कायदा नाही अशी तक्रारही करता येणार नाही. देशात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली याच मुंबई इलाख्यात झाला. सध्याचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्याच्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करताना केवळ रंगीत नकाशा पुरेसा नसतो. विकासाचे टप्पे सांगणारा अहवाल आणि आरक्षित जमिनींच्या संपादनाला किती खर्च येईल याचा अंदाज, या दोन गोष्टीही त्यासोबत द्याव्या लागतात. माझ्या मते संपूर्ण आराखड्यात सर्वांत महत्त्वाची पाने हीच असतात, आणि सर्वांत कमी वाचली जातात तीही हीच. नागरिक आपला सर्व्हे नंबर कोणत्या रंगात आला आहे ते पाहतात, हरकत घेतात आणि घरी जातात. पहिल्या पाच वर्षांत कोणती जागा ताब्यात येणार आणि त्यासाठी पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार, हा प्रश्न सुनावणीत क्वचितच विचारला जातो.

तो विचारला पाहिजे, कारण त्याच कायद्याच्या कलम १२७ नुसार मंजुरीनंतर दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. ही तरतूद अन्यायकारक नाही. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर मैदानाचा हिरवा रंग पडला आहे त्याला ती विकताही येत नाही आणि तिच्यावर घरही बांधता येत नाही, आणि त्याने अनिश्चित काळ वाट पाहावी असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणूनच नगरपरिषदेला जे परवडणार नाही ते कागदावर दाखवून ठेवणे दोन्ही बाजूंनी घातक ठरते. शेतकऱ्याची वर्षे जातात आणि शहराची जागाही जाते. विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर, हा त्यावर तोडगा म्हणून सांगितला जातो; त्यात मालकाला जमिनीच्या बदल्यात पैशाऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क मिळतो. परंतु जेथे जादा बांधकामाला अजून मोठी मागणी नाही अशा लहान शहरात टीडीआरच्या कागदाला किती भाव येईल याची शंका वाटते.

लहान शहरासाठी यापेक्षा चांगला मार्ग त्याच कायद्यात आहे आणि तो म्हणजे नगररचना योजना. या योजनेत एखाद्या भागातील सर्व जमिनी एकत्र मांडल्या जातात, प्रत्येकाच्या जमिनीतून रस्ते, उद्याने, शाळा आणि दुर्बल घटकांची घरे यांच्यासाठी वाटा काढला जातो, आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडाच्या रूपाने मूळ मालकाला परत मिळते. एकाचे शेत पूर्ण मैदानात गेले आणि शेजाऱ्याचे शेत कोट्यवधींचे झाले, असा प्रकार त्यात होत नाही. पुण्याला ही पद्धत नवी नाही. आजचे शिवाजीनगर ज्या भांबुर्ड्यात वसले तेथे आणि संगमवाडीत अशाच योजना राबवल्या गेल्या होत्या. पुढे कित्येक दशके आपण ही वाट सोडली आणि अहमदाबादने मात्र ती धरून ठेवली. हडपसरला सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र आणून मगरपट्टा उभारला; त्याची कायदेशीर चौकट निराळी असली तरी शेतकरी एकत्र येऊ शकतात आणि शहराच्या वाढीत भागीदार होऊ शकतात, हे त्यातून दिसून आले. सासवडच्या भोवती पुढील दहा वर्षांत ज्या दोन-तीन दिशांना वस्ती वाढणार हे उघड आहे तेथे आजच, जमिनीचे तुकडे पडण्याआधी, अशा योजना हाती घेता येतील. सातबाऱ्यावर पन्नास नावे चढल्यानंतर तेच काम कितीतरी अवघड होईल.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा मांडत आहे. पुरंदर हा पर्जन्यछायेतील तालुका आहे. दरडोई दररोज १३५ लिटर हे नेहमीचे प्रमाण धरले तर एक लाख लोकांना दिवसाला एक कोटी पस्तीस लाख लिटर पाणी लागेल, आणि त्यातील सुमारे ऐंशी टक्के, म्हणजे एक कोटी लिटरहून अधिक, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. पहिला आकडा कोणत्या धरणातून, कोणत्या मंजूर कोट्यातून येणार आणि दुसरा कोठे शुद्ध होणार, हे ठरल्याशिवाय रहिवासी क्षेत्राचा पिवळा रंग पसरवणे म्हणजे येणाऱ्या कुटुंबांना टँकरच्या स्वाधीन करणे होय. वाघोली आणि फुरसुंगी येथील रहिवाशांनी ते वर्षानुवर्षे सोसले आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून उचलून पुरंदर उपसा योजनेद्वारे याच तालुक्यातील शेतीला दिले जाते, ही वस्तुस्थितीही ध्यानात घ्यावी लागेल. सासवडने आपले सांडपाणी नीट शुद्ध केले, तर अंजीर आणि सीताफळाच्या बागांना ते जवळच उपलब्ध होऊ शकते. पण त्यासाठी शुद्धीकरण केंद्राची जागा आणि वाहिन्यांचा मार्ग पहिल्या टप्प्यातच राखला पाहिजे.

ओढ्यांबाबत तर कोणतीही तडजोड होऊ नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री डोंगराच्या अलीकडे आंबिल ओढ्याने पुण्यात जीव घेतले आणि पलीकडे कऱ्हेला आलेल्या पुराने पुरंदरपासून बारामतीपर्यंत हाहाकार उडवला. पाऊस अतोनात होता हे खरे, परंतु आंबिल ओढ्याच्या काठी जे घडले त्याला प्रवाहाची जागा आवळली गेल्याचेही कारण होते. कऱ्हेच्या निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कोठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या रेषा, तर आराखड्यावर असाव्यातच. शिवाय तिला मिळणारा प्रत्येक ओढा, जुन्या गाव नकाशावर आहे तसा, त्याच्या पूर्ण रुंदीसह दाखवला जावा. आज जो ओढा उन्हाळ्यात कोरडा दिसतो म्हणून शेतात मिळवला जातो, त्याचे पाणी उद्या कोणाच्या तरी घरात शिरते.

कचऱ्याविषयी थोडक्यात. हडपसरहून सासवडला जाताना फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे लागतात. पुण्याचा कचरा या गावांनी अनेक वर्षे झेलला. २०१७ मध्ये त्यांना महापालिकेत घेतले गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा वेगळी करून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. सासवडने आपल्या कचऱ्याची जागा आपल्याच हद्दीत आणि आजच ठरवावी, म्हणजे शेजारच्या एखाद्या गावावर ती वेळ येणार नाही.

एक अडचण आकडेवारीची आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि नव्या जनगणनेत लोकांची प्रत्यक्ष मोजणी २०२७ मध्ये व्हायची आहे. २०११ चे आकडे पुढे ताणून काढलेला अंदाज सासवडसारख्या ठिकाणी हमखास कमी भरेल. परंतु त्यासाठी थांबणे हा पर्याय नाही. मालमत्ता कराच्या नोंदी, वीजजोडण्या, शाळांची पटसंख्या आणि दुय्यम निबंधकांकडील दस्त नोंदणी यांतून वाढीची दिशा आणि वेग पुरेसा कळू शकतो. विद्यमान जमीन वापराचा नकाशाही केवळ उपग्रहाच्या छायाचित्रावरून न करता प्रत्यक्ष फिरून तपासला जावा, कारण पुढच्या बहुतेक हरकती तेथील चुकांमधूनच निर्माण होतात.

कायद्याने आराखडा किमान वीस वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. वेगाने बदलणाऱ्या शहरासाठी हा काळ फार मोठा आहे. म्हणून सासवड नगरपरिषदेला आणि नगररचना विभागाला विनंती आहे की, पुढील आराखड्याचे पाच-पाच वर्षांचे टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्यातील जमिनी आणि खर्च नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाशी जोडावा आणि दरवर्षी मार्चमध्ये आरक्षणांचा तक्ता प्रसिद्ध करावा. किती जागा ताब्यात आल्या, किती बाकी आहेत आणि कोणत्या जागांची दहा वर्षांची मुदत जवळ आली आहे, हे त्यात सर्व्हे नंबरनिहाय असावे. हा तक्ता मराठीत असावा आणि नगरपरिषदेच्या दर्शनी भागात लावलेला असावा. प्रारूप प्रसिद्ध झाल्यानंतर हरकतींसाठी मिळणारी मुदत अपुरी असते. त्यामुळे त्याआधीच प्रभागवार बैठका घेऊन पाणी, रस्ते आणि ओढे यांच्याविषयी लोकांचे म्हणणे लेखी नोंदवून घ्यावे. शाळांच्या शिक्षकांना आणि शेतकऱ्यांना जे माहीत असते ते नकाशावर आपोआप उमटत नाही. नगररचना संचालनालय पुण्यातच आहे. येथील अनुभवी अधिकाऱ्यांचे एक छोटे पथक सासवडसाठी दोन वर्षे नेमले गेले, तर वरीलपैकी बहुतेक कामे प्लॉटिंगच्या पुढच्या लाटेआधी पूर्ण होऊ शकतील.

कळावे,

आपला नियमित वाचक,
हडपसर, पुणे