दुसरा अल्बम काढतोयस म्हणून

फोंडा, गोवा
श्रावणातला रविवार

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेली गाणी ऐकली. मत सांगतोच, पण आधी जरा भांडायचंय. परवा फोनवर मी त्या इंग्लिश गायिकेचं, एमी वाइनहाउसचं नाव काढलं, तर तू म्हणालास, "दारू प्यायली, लवकर गेली, म्हणून थोर झाली." तेव्हा दुकानात गिऱ्हाईक बाजाची पेटी घेऊन उभं होतं, म्हणून गप्प बसलो. आज दुकान बंद आहे.

ती गेली जुलै 2011मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी. 'बॅक टू ब्लॅक' हा तिचा दुसरा अल्बम आला ऑक्टोबर 2006मध्ये, आणि फेब्रुवारी 2008मध्ये तिला पाच ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतली संगीताची मोठी पारितोषिकं मिळाली. व्हिसाचा घोळ झाल्यामुळे ती अमेरिकेला जाऊ शकली नाही, लंडनहून उपग्रहावरून गायली. सहावं, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं, तेवढं हुकलं. ते तुझ्या लाडक्या जाझ पियानोवाल्या हर्बी हॅनकॉकने नेलं. म्हणजे जे काय वाजायचं ते तिच्या हयातीतच वाजलं होतं. तिचं दुःख खरं होतं, कोण नाही म्हणतंय? पण दुःख काय रे, आपल्या आळीत घरटी आहे. त्यातून गाणं उभं करणं ही निराळी मेहनत, आणि तुला पत्र लिहितोय ते त्या मेहनतीबद्दल.

तिचा पहिला अल्बम 'फ्रँक', 2003चा. जाझच्या अंगाचा, ऐसपैस. नाव झालं, पण तिला स्वतःला तो पुरता पटला नव्हता. दुसऱ्या वेळी तेच पुन्हा केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. ती मात्र साठच्या दशकातल्या अमेरिकन पोरींच्या गटांची गाणी ऐकत बसली होती आणि तिला तो आवाज हवा होता. न्यूयॉर्कमध्ये मार्क रॉन्सन या संगीत-निर्मात्याला भेटली, तिने आपली आवड सांगितली, त्याने रातोरात पियानोचा एक तुकडा बसवला, आणि त्यावर तिने शब्द लिहिले. तेच शीर्षकगीत. अकरा गाण्यांपैकी सहा रॉन्सनची, पाच दुसऱ्या निर्मात्याची, सलाम रेमीची. सगळं मिळून जेमतेम 35 मिनिटं! एका नाट्यपदाला तेवढा वेळ घेणारे बुवा आपण पाहिलेत.

आता मुद्द्याचं. रॉन्सनने आपल्या गाण्यांसाठी ब्रुकलिनमधल्या डॅप-किंग्ज या बँडला धरलं. ही मंडळी जुन्या पद्धतीने टेपवर ध्वनिमुद्रण करणारी. ड्रम, बास, गिटार, पियानो एका खोलीत, एकाच वेळी. अशा वेळी ड्रमचा आवाज पियानोच्या माइकमध्ये शिरतो, गिटारचा ड्रमच्या. आजचा रेकॉर्डिस्ट याला दोष म्हणेल. मला विचारशील तर त्या अल्बमचा जीव तिथेच आहे. व्हायोलिनचा ताफा नंतर लंडनमध्ये चढवला, पण पाया आधीच पक्का झाला होता.

तुला हे मी वेगळं काय समजावू? चवथीच्या, गणपतीच्या आरतीला आपल्या घरात काय होतं ते आठव. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली दाटीवाटीने बसायचं, मांडीवर घुमट, ते कातडं मढवलेलं मातीचं मडकं, शेजारी शामेळाचा ढोल, मागे कासाळ्यांच्या झांजांचा ठणका. डावा पंजा घुमटाच्या छोट्या तोंडावर दाबला की आवाज पोटात जातो, सोडला की भिंतीवर आपटतो. गाणाऱ्याचा सूर त्या आपटण्यातूनच वर येतो. तेच घुमट काचेच्या खोलीत एकटं बसवून वाजवलंस, तर नुसतं मडकं वाजेल. तुझ्या नव्या गाण्यांत नेमकं तेच झालंय. तबला वेगळ्या दिवशी, बासरी वेगळ्या दिवशी, तू हेडफोन लावून एकटा. सगळे सुरात, सगळे लयीत आणि एकमेकांना अनोळखी.

लयीवरून आठवलं. 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' हे गाणं तिने आधी संथ, रडवं बांधलं होतं. रेमीने ते पळवलं आणि खाली मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या 1967च्या एका गाजलेल्या गाण्याची स्वरसंगती घातली. शब्द डोळे पुसतायत आणि ठेका नाचतोय! दुसऱ्याची चाल खाली घेणं आपल्यालाही नवं नाही म्हणा. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाणं सरळ छापलेलं असायचं, कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे. 'रिहॅब'मध्येही, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात जायला नकार देणाऱ्या गाण्यात, शब्द कडू आणि ठेका नाचरा. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालता चालता तिने घरच्यांशी झालेली हुज्जत सांगितली, रॉन्सन म्हणाला, चल परत स्टुडिओत. घरातलं भांडण जगाने टाळ्या वाजवत म्हटलं. (हे गाणं एका लग्नाच्या पार्टीत वाजलेलं मी ऐकलंय, आणि नवरदेवाच्या हातात ग्लास होता. असो.)

तर तुझी गाणी. आईवरचं गाणं संथ आहे, ते संथच ठेव. पावसाचंही संथ, विरहाचंही संथ, मग ऐकणारा कुठे जागा राहणार? विरहाचं गाणं मी इथे पेटीवर केरवा तालात दुप्पट लयीत वाजवून पाहिलं. शब्द एकदम चावरे झाले. तूही करून बघ, न जमलं तर माझ्या नावाने बोटं मोड. शेवटची दोन गाणी सरळ काढून टाक. पहिला अल्बम ज्यांना आवडला त्यांच्यासाठी ती घातलीयस, हे पहिल्या ओळीतच कळतं. आणि कीबोर्डवरची ती व्हायोलिनं नकोत. त्या पैशात एक खरा सारंगीवाला येतो.

पुण्यातल्या स्टुडिओचे बाकीचे पैसे अजून दिले नसशील तर थांब. चवथीला गावी येतोच आहेस. पाच-सहा दिवस आणखी काढ. आमच्या माडीवरची खोली रिकामी आहे, जमीन लाकडी, छप्पर उंच. तबल्याला म्हार्दोळचा आपला पोरगा येईल, पखवाजाचं मी बोलून ठेवतो. रेकॉर्डिंगचं यंत्र तुझं आण; माइक चार पुरेत. रस्त्यावरून बस गेली तर पुन्हा घेऊ, रात्री दहानंतर तशीही शांतता असते.

इकडे पावसाने भाताला उशीर केलाय, बाकी ठीक. दाजींचा गुडघा तसाच. वहिनींना नमस्कार, आईला साष्टांग.

तुझा,
विनू

ता. क. माझं जुनं घुमट फुटलं. नवं घ्यायचंय, पण घोरपडीच्या कातड्याचे दिवस गेले, आता बकऱ्याचंच मढवतात. येशील तेव्हा चार ठिकाणी वाजवून तूच निवड. आणि तिकिटाचं आजच बघ, चवथीच्या गर्दीत मागाहून मिळत नाही.