वाड्याच्या चौकातल्या कॅमेऱ्याचा ताबा आमच्याकडे द्या

दि. 7 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सीसीटीव्हीचा अॅडमिन ताबा ग्राहकाला न देणे, तसेच मोशन डिटेक्शन (हालचाल टिपणे) व वेळेचे सेटिंग चुकीचे करणे याबाबत तक्रार

महोदय,

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच वाडा. फेब्रुवारीत आपल्या कंपनीकडून आम्ही चार कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आणि 1 टीबीची हार्ड डिस्क बसवून घेतली. दोन कॅमेरे दुकानात, एक मागच्या बोळात आणि एक वाड्याच्या चौकात. चित्र स्वच्छ दिसतं, वायरिंगही नीट झालं आहे. तक्रार सेटिंगची आहे, आणि तिच्यापायी आमच्या घरातल्या बायकांना चौकात वावरायची चोरी झाली होती.

मेच्या अखेरीस अवकाळी पाऊस झाला. त्यानंतर दोन दिवसांनी आमच्याकडे पूर्वी कामाला असलेला मुलगा बहिणीच्या लग्नासाठी हंडा-कळशी घ्यायला आला. मार्चमध्ये काम सोडून तो अंबडला एका कारखान्यात लागला आहे. बोलता बोलता सहज म्हणाला, "वहिनी, परवा तुमची कुरडयांची ताटं भिजली ना सगळी? मी बघितलं, फोनच करणार होतो." हातातली कळशी मी तशीच खाली ठेवली. कुठे बघितलं, असं विचारल्यावर त्याने मोबाईल उघडून दाखवला. आमचा चौक, त्या क्षणाचा. माझी धाकटी जाऊ नळापाशी बसून केस धूत होती.

त्याने माझ्यासमोर अॅप काढून टाकलं. त्या मुलाला मी दोष देणार नाही. कॅमेरे बसवले त्या दिवशी आपल्याच तंत्रज्ञाने त्याच्या मोबाईलमध्ये लॉगिन करून दिलं होतं, तेही थेट अॅडमिनचं. माझ्या, सासऱ्यांच्या आणि त्याच्या, तिघांच्या फोनवर एकच युजर, एकच पासवर्ड. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे 123. अॅडमिन म्हणजे नुसतं बघणं नव्हे. मागचं रेकॉर्डिंग काढणं, हार्ड डिस्क फॉरमॅट करणं, सगळं त्यात येतं.

मी लगेच पासवर्ड बदलायला बसले, तर अॅपमध्ये कळलं की हे यंत्र आमच्या खात्याला जोडलेलंच नाही. ते आपल्या तंत्रज्ञाच्या खात्याला जोडलेलं आहे आणि आम्हाला त्यातून 'शेअर' दिलेला आहे. म्हणजे पैसे आम्ही मोजले आणि किल्ली तुमच्या माणसाच्या खिशात. आपल्या कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, सगळ्यांचं असंच असतं, सर्व्हिसला सोपं पडतं." फेब्रुवारीतच राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांचं फुटेज इंटरनेटवर विकलं गेल्याची बातमी सगळ्या देशाने वाचली. त्यानंतर मे महिन्यात एका ग्राहकाला हे उत्तर द्यावं, याचा मला मनापासून राग आला. त्या दिवसापासून महिनाभर चौकातल्या कॅमेऱ्यावर आम्ही फडकं बांधून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट बोळातल्या कॅमेऱ्याची. विक्री करताना महिन्याभराचं रेकॉर्डिंग राहील असं सांगितलं होतं. प्रत्येक कॅमेऱ्याला 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट) धरलं तर चोवीस तासांत साधारण 21.6 जीबी जातात, चारही कॅमेऱ्यांचे 86. या हिशोबाने 1 टीबी अकरा-बारा दिवसांत भरते. म्हणून रात्री फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, हे मला पटलं होतं. पण हालचाल कुठली पकडायची, तो भाग आखताना आपल्या माणसाने पडद्यावरचे सगळे चौकोन निवडून टाकले. बोळात भिंतीतून उगवलेला पिंपळ आहे. त्याची पानं हलली की फोन वाजायचा. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे येतात, कोळ्याने जाळं धरलं की तेही पडद्यावर पांढरं लखलखतं. एका रात्रीत दोनशेच्या वर सूचना मोजल्या आहेत मी. तक्रार केल्यावर तंत्रज्ञ आला आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती हालचालीवर कॅमेरा जागा होतो ते सेटिंग, तळाला नेऊन गेला. मागच्या दाराचे चार चौकोन ठेवून पिंपळाचे काढायला पाच मिनिटंही लागली नसती.

मग 21 जूनच्या पहाटे मागच्या पडवीतून सुमारे 40 किलो पितळी मोडीची गोणी गेली. सासरे चारला उठले तेव्हा दाराला कडी होती, पाचला रामकुंडावर जायला निघाले तेव्हा दार उघडं. पोलिसांनी फुटेज मागितलं आणि त्या तासाचं काहीच निघालं नाही. कारण शोधायला माझा इंजिनिअरिंगचा भाचा बसला. डीव्हीआरचा टाइम झोन जीएमटी अधिक 8 वर ठेवलेला होता. भारताची वेळ जीएमटी अधिक साडेपाच, म्हणजे घड्याळ अडीच तास पुढे. शेड्यूल होतं रात्री 10 ते सकाळी 6 फक्त हालचाल झाली तर, दिवसा 10 पासून सलग, आणि मधले चार तास काहीच नाही. यंत्राचे सकाळचे सहा आमच्याकडे पहाटे साडेतीनला वाजले आणि तिथून साडेसातपर्यंत रेकॉर्डिंग बंद. चोर नेमका त्यात आला.

टाइम झोन आणि शेड्यूल भाच्याने नीट केलं. बाकीचं आपण पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत करून द्यावं. यंत्र तंत्रज्ञाच्या खात्यातून सोडवून माझ्या खात्याला जोडा आणि अॅडमिनचा पासवर्ड मला एकटीला टाकू द्या. सासऱ्यांसाठी फक्त थेट चित्र बघण्याचा युजर हवा. दुकानातल्या नोकराला गल्ल्यावरच्या कॅमेऱ्यापलीकडे काही दिसता कामा नये. कोणकोणत्या फोनवर आजवर लॉगिन झालं ती यादी लेखी द्या. बोळाचा भाग माझ्यासमोर आखा आणि अंधार पडल्यावर कोणीतरी दारापर्यंत चालत जाऊन सूचना येते का ते तपासा. दिवसा तपासून रात्रीचं कळत नाही.

हे मुदतीत न झाल्यास सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सिंहस्थाची गर्दी तोंडावर आहे, मला हे लांबवायचं नाही. तंत्रज्ञ पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा, मी स्वतः घरी थांबेन.

आपली ग्राहक,
भांडी बाजार, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, सूचनांचे आणि जुन्या टाइम झोनचे स्क्रीनशॉट, पोलीस तक्रारीची प्रत