मंगल, आधी दंड चिमटीत धरून बघ

विश्रामबाग, सांगली

प्रिय मंगल,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'तुझ्यासारखी दंडाची कातडी कापून नको, लायपोसक्शननं नुसती चरबीच ओढून घेते, त्यात व्रण राहत नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. व्रणाची तुझी भीती मला पुरती कळते, पण नुसत्या त्या भीतीवर ठरवू नकोस गं. तुझ्या दंडात चरबी उरली आहे की नुसती कातडी, सगळं त्यावर आहे.

घरीच बघ. हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसर, कोपरात वाकव आणि दंडाखालचा लोंबता भाग दुसऱ्या हाताच्या चिमटीत धर. चिमटीत जाडसर, भरीव काही आलं आणि सोडल्यावर कातडी जागच्या जागी बसली, तर चरबी. रुमालाच्या घडीसारखं पातळ काही आलं आणि सोडल्यावरही लोंबत राहिलं, तर तिथे ओढून काढण्यासारखं फार काही नाहीच.

लायपोसक्शनमध्ये सलाइनमधून भुलीचं औषध आणि रक्तस्राव कमी करणारं अॅड्रिनॅलिन दंडात भरतात. मग काही मिलिमीटरच्या छिद्रातून नळी घालून चरबी ओढतात. कातडी कापत नाहीत. ती आपणहून आवळली तरच दंड सडपातळ दिसतो. कातडी ताठ असेल त्यांना याचा छान उपयोग होतो. पण तू शुगर निघाल्यावर २५ किलो उतरवलेस, तेही पन्नाशीत. आतला भराव गेला की तुझी कातडी आणखी सैल पडेल. एवढे पैसे भरून झोळ वाढवून घ्यायचा, हे मला तुझ्यासाठी नको आहे. कातडी आवळणारी मशीनं असतात, पण ती थोड्याशा सैलपणालाच पुरतात.

माझं झालं ते कातडी काढण्याचं ऑपरेशन, ब्रॅकिओप्लास्टी. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला उभं केलं, हात वर धरायला लावले आणि पेनानं दंडावर दोन रेघा आखल्या. मग मधली कातडी चिमटीत धरून त्या रेघा एकमेकींना टेकतात का, ते पुन्हा पुन्हा पाहिलं. एक रेघ तर पुसून जरा आत घेतली. जास्त कातडी काढली तर टाक्यांवर ताण येतो आणि जखम उकलते, असं म्हणाले. त्यांचा तो सावकाशपणा बघूनच माझी धाकधूक गेली.

व्रण काखेपासून पार कोपराजवळ येतो. सुरुवातीचे महिने लाल, जाड, खाजरा. निवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. माझा आता फिकट झालाय, पण हात वर केला की दिसतो. डाव्या कोपराखाली आतल्या बाजूला थोडा बधिरपणाही राहिलाय, तिथली नस या ऑपरेशनमध्ये दुखावू शकते. तरीही उन्हाळ्यात घामानं काखेजवळ येणारं ते चिघळणं गेलं, ब्लाउजची बाही रुतायची थांबली. 'या वयात कशाला?' म्हणणाऱ्यांना ते चिघळणं कुठे सोसायचं होतं!

एका गोष्टीपुढे मात्र मी माझं म्हणणं मागे घेईन. बुगडीसाठी कान टोचलास तेव्हा तिथे केवढी गाठ आली होती, आठवतंय? तो केलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढत जाणारा व्रण, असेल तर दंडावरचा एवढा लांब व्रणही तसाच फुगू शकतो. काखेतच झाकला जाणारा छोटा छेदही असतो, पण तो थोड्याच कातडीला पुरतो. डॉक्टरांना पहिल्या भेटीत कान दाखव, मगच पुढचं बोल.

आणि मिश्री बंद कर मंगल, हे हात जोडून सांगते. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, जखमेच्या कडांना रक्त पोचत नाही. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान ४ आठवडे तरी बंदच हवी. वजन निदान ६ महिने एका जागी राहू दे, नाहीतर उतरत राहिलं की पुन्हा सैल. शुगर आटोक्यात हवी, हिमोग्लोबिनही बघून घे.

डॉक्टर निवडताना जाहिरातीतले फोटो बघू नकोस, पाटीवर एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का ते बघ. भूल कोण देणार, तेही विचार. विमा धरून चालू नकोस, सौंदर्याच्या ऑपरेशनचा खर्च तो सहसा देत नाही.

नंतर काही आठवडे हात डोक्यावर न्यायचा नाही, भरला कुकर उचलायचा नाही, भाकरी थापायची नाही. वर घट्ट बाह्यांचा कपडा दिवसरात्र. म्हणून एप्रिल-मे नको, सांगलीच्या उकाड्यात तो अंगावर ठेववत नाही. दिवाळी आटोपली की मिरजेला दाखवू. साताऱ्याहून रेल्वेनं सरळ सांगलीला उतर आणि टाके निघेपर्यंत माझ्याकडेच राहा. वेणी-फणी, पोळ्या, सगळं मी बघते. तुझ्या जाऊबाईंना घर सांभाळायला आत्ताच विचारून ठेव.

येताना शुगरचे जुने रिपोर्ट आण. भावजींना नमस्कार.

तुझी,
शैला