बाबांचा गडगा आणि माझं छप्पर

डेल्फ्ट, नेदरलँड्स, रविवार दुपार

प्रिय आई, बाबा, आजी आणि दादा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं ना, अगो छपरावर सायकल चालवायची कशाला, खाली रस्ते नाहीत का तिथे, आणि तेवढ्यात रेंज गेली. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय, म्हणून म्हटलं नीट लिहूनच पाठवते. दादा, आजीला तू वाचून दाखव, आणि सावकाश वाच, नेहमीसारखं घाईघाईत नको.

तर आर्किटेक्चरच्या शिक्षणातला माझा शेवटचा प्रोजेक्ट म्हणजे सायकल रेसिंगचा बंदिस्त हॉल, त्याला वेलोड्रोम म्हणतात. आत लाकडी ट्रॅक, 250 मीटरचा, ऑलिंपिकला असतो तेवढाच. आजी, जत्रेतला मौत का कुआं आठवतो ना तुला, ज्याला तू डोळ्यावर पदर घ्यायचीस? तसंच थोडंसं, फक्त भिंत सरळ उभी नाही, वळणावर 42 डिग्री तिरकी. एवढ्या उतारावर हळू गेलं तर चाक घसरतं, जोरात गेलं तर सायकल चिकटून राहते, आणि मी वळणाची त्रिज्या 22 मीटर धरून गणित केलं तर साधारण ताशी 50 किलोमीटरला तोल अगदी बरोबर जमतो. त्या सायकलींना ब्रेक नसतो बरं का, आणि पेडल मारायचं थांबवताही येत नाही, चाक फिरतं तोवर पाय फिरतातच. आई, तू हे वाचून घाबरू नकोस, मी चालवत नाहीये, मी फक्त इमारत काढतेय!

आता छपराचं. हा हॉल म्हणजे मध्ये एकही खांब नको असलेली जागा, नाहीतर प्रेक्षकांना काय दिसणार, म्हणून सगळे आर्किटेक्ट छप्पर होईल तेवढं हलकं करतात. लंडनला 2012 च्या ऑलिंपिकसाठी जो वेलोड्रोम बांधला त्याचं छप्पर पोलादी केबलच्या जाळीवर ताणलंय, चौरस मीटरला साधारण 30 किलो वजन, इतकं सुंदर काम आहे की मी त्याचे ड्रॉइंग कितीदा बघितले त्याला हिशोब नाही. आणि मी काय करतेय, तर त्याच्या बरोबर उलटं, वर 10 सेंटीमीटर माती घालतेय. ओली माती म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलो, माझं छप्पर 8 हजार चौरस मीटर, म्हणजे बाराशे टन नुसती माती आणि पाणी, वर माणसं, सायकली, बर्फ वेगळाच. पहिल्या रिव्ह्यूला, म्हणजे सरांना काम दाखवायचं असतं तेव्हा, हेच ऐकावं लागलं, की हे हौसेचं ओझं आहे, काढून टाक. दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही.

पण मला ते काढायचं नव्हतं, आणि का ते सांगते. आतल्या ट्रॅकवर कोण जाणार, तर थोडे शिकलेले, तयारीचे लोक. बाकीचं गाव बाहेरून एक मोठा बंद डबा बघणार. इथे शाळेची पोरं, आज्या, पोस्टमन, सगळे सायकलवर, देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, आणि त्यांना चढ म्हणजे काय ते माहीतच नाही, त्यांचा चढ म्हणजे समोरून येणारा वारा. आणि चढायला मिळतं ते फक्त पूल आणि समुद्र-नद्या अडवायला घातलेले मोठे मातीचे बांध, त्यांच्या माथ्यावरून लोक सायकलने जातात आणि उतारावर मेंढ्या चरतात. मग माझं छप्पर तसाच एक बांध का नको?

आमच्याच युनिव्हर्सिटीची लायब्ररी 1997 सालची, तिचं छप्पर म्हणजे गवताचा उतार, जमिनीपासून सुरू होतो आणि वर चढत जातो, ऊन पडलं की पोरं तिथे आडवी पसरतात, बर्फ पडला की घसरगाडी. आणि मागच्या महिन्यात मी ट्रेनने बर्लिनला जाऊन आले, तिथला वेलोड्रोम बघायला. डोमिनिक पेरो नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टचं काम. त्याने अख्खी इमारत जमिनीत पुरलीय! स्टेशनवरून चालत गेले तर समोर सफरचंदाची बाग, शेकडो झाडं, आणि मध्ये धातूच्या जाळीचं गोल छप्पर, जमिनीच्या जरासं वर, एखाद्या तळ्यासारखं चमकणारं. मी तिथे तासभर बसून होते. पण तसं डेल्फ्टला जमत नाही, इथे जरा खणलं की पाणी, खोल खड्डा केला तर रिकामी इमारत होडीसारखी वर यायला बघते. म्हणून मी 3 मीटरच खाली गेले आणि निघालेली माती बाहेर न पाठवता भिंतींना चारी बाजूंनी टेकवली. छपराची कड 8 मीटरवर येते, 1:20 चा चढ ठेवला तर 160 मीटर लागतात, म्हणजे इमारतीला अर्धी प्रदक्षिणा घालत माणूस आरामात वर पोचतो. सायकलचा रस्ता मधोमध नाहीच, तो कडेने, जिथे खाली भिंती आणि गॅलरीचे खांब आहेत. जाड माती पण तिथेच. मध्ये फक्त पातळ थर, त्यात सेडम, म्हणजे आपल्या घायपातासारखी पाणी धरून ठेवणारी पण बोटभर उंचीची झाडं. हे मांडल्यावर आमचे इंजिनियर सर पहिल्यांदा मान हलवून म्हणाले, आता बोलता येईल.

मग बाबा, तुमचा गडगा. रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला उतार एकदम तीव्र आहे, आणि माती बसणार कशावर तर गुळगुळीत वॉटरप्रूफिंगच्या थरावर, जोराच्या पावसात सगळी खाली यायची. मला आपली वरची नाचणीची जमीन आठवली, तुम्ही उताराला आडवे गडगे घातलेत, नुसते दगड रचून केलेले बांध, चुना नाही, सिमेंट नाही, दगडात फटी मुद्दाम ठेवलेल्या. मी लहान असताना त्या फटी बुजवायला गेले तर तुम्ही ओरडला होतात, की पाणी अडवायचं नाही गो, माती अडवायची. बाबा, ते वाक्य मी मराठीतच लिहून ड्रॉइंगवर लावलंय. उताराला आडव्या, भोकं असलेल्या पट्ट्या, आणि मातीखाली पाणी वाहून जायला मोकळा थर. इथे वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे तीन हजारच्या वर, म्हणजे तुमच्या गडग्याने जे सोसलंय त्याच्यापुढे हे काहीच नाही.

मुळांचंही आहेच. मागच्या पडवीच्या भिंतीत पिंपळ रुजला होता आणि दोन पावसाळ्यांत चिरा सरकला होता, ते मी विसरलेले नाही, म्हणून वॉटरप्रूफिंगवर मुळं न घुसणारा वेगळा पडदा घेतलाय. खालच्या बाजूने पण भीती आहे, कारण हॉल 26 ते 28 डिग्री गरम ठेवतात, गरम हवा विरळ असते म्हणून सायकलवाल्याला कमी अडवते, पण तीच दमट हवा थंड छपराला लागली की आतून घाम सुटतो, आणि तो टिपटिप लाकडी ट्रॅकवर पडला तर खेळाडू घसरून मरायचा. ती दमट हवा अडवणारा थर अजून जमत नाहीये, गेले तीन आठवडे तेच चाललंय. तुम्ही दरवर्षी पावसाआधी शाकारणीला वर चढता, एकेक कौल हलवून बघता, तसं मला माझ्या छपरावर चढता येत नाही, सगळं कागदावर धरायचं, याचा कधी कधी खूप त्रास होतो.

फायनल रिव्ह्यू जूनमध्ये. त्याआधी बाबा एवढं करा, वरच्या तीन गडग्यांमधलं अंतर टेपने मोजा, उंची पण, आणि पायथ्याशी पाणी बाहेर पडायला जी मोरी ठेवलीत तिचा जवळून फोटो हवाय, बाजूला हात ठेवून काढा म्हणजे माप कळेल. दादा, तू चढ वर, बाबांना एकट्याला पाठवू नकोस, सकाळी दव असतं. आई, मी जेवतेय, तांदूळ मिळतो, कुळथाचं पीठ संपत आलंय. आजीचा गुडघा कसा आहे ते लिहा.

तुमची,
छकुली