ब्रुकलिनहून आजीला

तीर्थरूप आजीस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी ब्रुकलिन म्युझियममध्ये गेले होते. तिथल्या एका अंधाऱ्या दालनात भलंमोठं त्रिकोणी टेबल मांडलंय, एकेक बाजू ४८ फुटांची. जुडी शिकागो या चित्रकर्तीनं १९७४ ते १९७९ या काळात ते घडवलं. नाव ‘द डिनर पार्टी’. पंगतीला ३९ जणी. क्रीटची नागदेवी, बाबिलोनची देवी इश्तार, ग्रीक कथांतल्या लढवय्या अ‍ॅमेझॉन, कवयित्री सॅफो आणि त्यांच्याच ओळीत काली! अंबाबाईच्या देवळात महाकालीपुढं तू मला हात जोडायला लावायचीस. इथंही हात आपोआप जुळले बघ.

प्रत्येकीपुढं चिनीमातीचं रंगीत ताट आहे. बहुतेक ताटांवर फुलाच्या, फुलपाखराच्या रूपात बाईचं अंग काढलंय. आधी मी बावरले. मग वाटलं, जिथून सगळं जग जन्माला आलं, त्याची लाज कसली?

पण जीव अडकला तो ताटाखालच्या कापडात. त्यावर जिचं तिचं नाव भरलंय, आणि विणकाम-भरतकाम तिच्या तिच्या काळातल्या रीतीचं. हायपेशिया ही अलेक्झांड्रियातली गणिती, तिला जमावानं ठार मारलं. तिच्या कापडाला इजिप्तची कॉप्टिक वीण आहे. चित्र म्हणजे कला आणि सुईकाम म्हणजे बायकांचा विरंगुळा, असं मानणाऱ्यांना आणखी काय उत्तर हवं? एक मात्र खटकलं. एवढ्या पंगतीत कृष्णवर्णीय अमेरिकन बाई एकटीच, गुलामगिरीविरुद्ध लढलेली सोजर्नर ट्रुथ. त्यावर टीका झाली, ती मला रास्त वाटते.

खाली फरशीवर आणखी ९९९ नावं सोनेरी अक्षरांत आहेत. या कामाला चारशेहून जास्त जणांचे हात लागले, बहुतेक बायांचेच. मी वाकून टाके बघत राहिले. तू चष्मा नाकावर ओढून धावदोरा घालायचीस, तशा कितीजणी वाकल्या असतील!

घरी येऊन तुझी गोधडी पसरली. मधला हिरवा तुकडा पणजीच्या लुगड्याचा, हे तूच सांगितलं होतंस. पण आजी, पणजीचं नाव काय गं? आम्ही सगळे तिला ‘मोठी आई’च म्हणत आलो. तिचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं कळव. मी दोरा आणून ठेवलाय.

तुझी,
नात