वयचोरी मैदानावर होत नाही, रजिस्टरात होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय क्रीडास्पर्धा सुरू झाल्या की चौदा वर्षांखालील कबड्डीच्या संघांत मिसरूड फुटलेले चढाईपटू दिसतात. प्रेक्षक हसतात, हरलेला संघ कुरकुरतो, पंच कागद पाहतात. कागद चोख असतो. तो असणारच, कारण तो चार-पाच वर्षे आधी तयार करून ठेवलेला असतो.

त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. पाचवीत किंवा आठवीत शाळा बदलायची, जुन्या शाळेचा दाखला ‘हरवायचा’ आणि प्रतिज्ञापत्राच्या आधारे नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दोन वर्षे अलीकडची तारीख चढवायची. दुसरी वाट उशिराच्या जन्मनोंदणीची. जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो पदरात पाडून घेतला की अस्सल शिक्क्याचा खोटा दाखला हाती येतो. पूर्वी गुरुजी जन्माची नोंद नसलेल्या पोरांना सरसकट १ जून ही तारीख देत. ती शाळेत घालण्यापुरती सोय होती, त्यात कोणाचे पदक हिरावले जात नव्हते.

जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. छाननीत पहिलीच पाहिली जाते. खरी चुगली दुसरी करते: जन्म २०१२ चा आणि नोंदणी २०२३ ची असेल, तर त्या दाखल्यावर विसंबून प्रवेशिका स्वीकारू नये, पहिलीत प्रवेश घेतलेल्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मागवावा. इयत्ताही बोलते. दहावीतला मुलगा चौदा वर्षांखालील संघात असेल, तर तो फार तर साडेचार वर्षांचा असताना पहिलीत बसला, असे मानावे लागते. आधारवर तर विसंबूच नये. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, असे आधार प्राधिकरणानेच स्पष्ट केले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागणार आहे, पण ही मुले मैदानात उतरेपर्यंत २०३५ उजाडेल.

‘हाडांची तपासणी करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांसाठी टीडब्ल्यू-३ पद्धत वापरते: डाव्या हाताचा व मनगटाचा एक्स-रे काढून १३ हाडांच्या वाढीला गुण देतात आणि त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. पण या पद्धतीत मुलांच्या हाडांची वाढ साडेसोळाला आणि मुलींची पंधराला पूर्ण धरली जाते. म्हणजे १७ आणि १९ वर्षांखालील गटांत ती जवळपास निकामी. शिवाय वयाच्या मानाने लवकर वाढणारी प्रामाणिक मुलेही असतात. एका एक्स-रेवर त्यांना बाद करणे हा वेगळा अन्याय. ही तपासणी संशयितांसाठी ठीक आहे, निकाल मात्र कागदांच्या ताळ्यावरच द्यावा.

नुकसान कोणाचे? मुलांची उंची साधारण तेरा-चौदाच्या सुमारास झपाट्याने वाढते. त्या झेपेच्या अलीकडचा आणि पलीकडचा मुलगा, वजन सारखे भरले तरी, पकडीत सारखे नसतात. खऱ्या वयाचा मुलगा मार खातो, संघाबाहेर बसतो आणि पुढच्या वर्षी फिरकत नाही. वय चोरणाराही खुल्या गटात आल्यावर बहुधा दिसेनासा होतो, कारण तो कौशल्यावर जिंकलेला नसतो. तोवर शाळेच्या फलकावर ‘राज्यस्तरीय’ झळकलेले असते, दहावीचे सवलतीचे गुण मिळालेले असतात आणि पालकांना नोकरीतले पाच टक्के आरक्षण खुणावत असते. आईवडील आणि प्रशिक्षकच खोटा दाखला बनवताना दिसले तर मूल लबाडी शिकणार नाही का, असे राहुल द्रविड यांनी २०१५च्या पतौडी व्याख्यानात विचारले होते. आमच्या मते मूल ती शिकतेच, आणि शिकवणारे पगारी असतात.

म्हणून शिक्षेचा रोख बदलावा. क्रिकेट मंडळाने २०२० मध्ये स्वतःहून खरे वय सांगणाऱ्यांना माफी देऊन योग्य गटात खेळू दिले, लपवणाऱ्यांना दोन वर्षे बंदी ठेवली. शालेय स्पर्धांतही मुलाला तशी संधी द्यावी. पण दाखल्यावर सही करणारे मुख्याध्यापक आणि संघाचे मार्गदर्शक यांना वगळू नये. प्रत्येक संघाची यादी जन्मतारीख, इयत्ता आणि पहिल्या शाळेच्या नावासह सामन्यांच्या आठ दिवस आधी सहभागी शाळांना द्यावी. हरकत खरी ठरल्यास तिच्यासाठी भरलेली अनामत परत करावी, आणि निर्णय तालुका पातळीवरच द्यावा. विभागीय स्पर्धेपर्यंत प्रकरण लोंबकळले, तर बाद झालेल्या संघाला पुन्हा खेळवता येत नाही.

– काही निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा