खोट माझ्यात निघाली

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर सांगायला गेलो की शब्दच फुटत नाही म्हणून लिहितोय. आई, तू स्नेहाला दर महिन्याला विचारतेस ना, काही विशेष आहे का, ते आता बंद कर. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. भानगड माझ्याकडे आहे.

माझा काउंट दोनदा केला, दोन्ही वेळेला शुक्राणू जवळजवळ नाहीतच. मग डॉक्टरांनी रक्ताच्या टेस्ट लिहून दिल्या, टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन, शिवाय एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन ही मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारी हार्मोन्स, आणि सकाळी १० च्या आत रक्त द्या म्हणाले कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, मग उतरत जातं.

रिपोर्ट हातात आला, टेस्टोस्टेरॉन भरपूर, मी खूश! डॉक्टर मात्र एफएसएच-एलएचच्या आकड्यांवर पेन टेकवून गप्प, दोन्ही जवळपास शून्य. मग चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "जिमला जाता? काही टोचून घेता का?" स्नेहा शेजारीच बसलेली. तिलाही माहीत नव्हतं.

हो बाबा, दीड वर्ष टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होतो. गणपतीत तुम्ही सगळ्यांना दाखवत होतात ना, पोराने बघा काय तब्येत कमावलीय, ती अर्धी तरी त्या इंजेक्शनची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, मग पिट्युटरी ग्रंथी एफएसएच, एलएच सोडायचंच थांबवते, आणि वरून ऑर्डरच नाही आली तर खाली शुक्राणू बनणार कुठून. एफएसएच खूप वाढलेलं असतं तर बिघाड थेट वृषणातच असण्याची शक्यता, ते जास्त अवघड. माझं तसं नाहीये, एवढंच नशीब.

ती इंजेक्शनं बंद केली, आता डॉक्टरांनी दिलेली एचसीजीची चालू आहेत, ती एलएचचं काम करतात. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात त्यामुळे सहा महिने तरी धरा, वर्षही जाईल. बहुतेकांचं परत येतं म्हणाले, गॅरंटी मात्र दिली नाही.

आणि आई, मावशीचा तो काढा आता पाठवू नकोस. तीन महिने नाक दाबून प्यायली स्नेहा, मी समोर बसून बघत होतो, आणि माझ्या जिमच्या बॅगेत ती इंजेक्शनं पडलेली. तिला फोन कर, पण हा विषय नको काढू. कुरडया संपल्यात म्हणत होती, त्या पाठव.

तुमचा,
बाळू